रंग वाचून पट्ट्या वेगळ्या काढणे : प्रकल्प नोंदी, सांगली मार्केट यार्ड

१० फेब्रुवारी २०२५

काम सुरू. ठिकाण : सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची एक अडत पेढी. हंगाम तोंडावर आहे, आवारात पोत्यांच्या थप्प्या लागायला लागल्यात आणि सौद्याचा गलका ऑफिसच्या काचेपर्यंत येतो.

मालकांची मागणी ऐकायला सोपी आहे. ज्या शेतकऱ्यांची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद) तयार झाली पण पैसे जायचे राहिलेत, त्यांच्या ओळी एक्सेलमधून वेगळ्या काढायच्या आणि बँकेच्या पोर्टलवर एकदम चढवता येईल अशी सीएसव्ही फाइल करायची. सध्या दिवाणजी, म्हणजे पेढीचा हिशोब ठेवणारे, एकेक एनईएफटी हाताने भरतात.

अडचण अशी की ‘पैसे बाकी’ हे शीटमध्ये कुठेही शब्दांत लिहिलेलं नाही. तारीख, नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, उचल (शेतकऱ्याने आगाऊ घेतलेली रक्कम), निव्वळ रक्कम, खाते क्रमांक, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) वगैरे रकाने आहेत. पैसे बाकी आहेत की गेले, सौदा अडकलाय की मिटला, हे सगळं नावाच्या सेलच्या रंगात आहे. पिवळा, हिरवा, केशरी, लाल, निळा. सीएसव्हीत रंग जात नाही. तिथे फक्त मजकूर आणि स्वल्पविराम. म्हणजे फाइल बाहेर काढताक्षणी नेमकी हवी ती माहितीच गळून पडते.

१२ फेब्रुवारी

पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे रंग बंद करायचे आणि ‘स्थिती’ नावाचा रकाना घालून त्यात ड्रॉपडाउन द्यायचा. मालकांनाही तेच वाटत होतं. सकाळभर दिवाणजींच्या शेजारी बसले आणि हा उपाय बाजूला ठेवायचं ठरवलं.

त्यांचा डावा हात फोनवर असतो. उजव्या हाताने माऊस. समोर कसबे डिग्रजचा किंवा दुधगावचा शेतकरी उभा असतो, “आमचं काय झालं?” म्हणून. दिवाणजी शीट भराभर खाली सरकवतात, नावावरचा रंग डोळ्यांत भरतो आणि शब्द न वाचता उत्तर तोंडात तयार असतं. शेजारच्या खुर्चीवरून मलाही तो रंग दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. हे त्यांचं कागदी खतावणीपासूनचं वळण आहे. तिथे लाल-निळ्या पेन्सिली होत्या, इथे रंगाची बादली आली.

या वळणात काही चूक नाही. रंग ही त्यांनी केलेली नोंदच आहे, आणि साधनाने ती नोंद वाचायला शिकायचं आहे. हिशोब ठेवणाऱ्याने साधनासाठी हात बदलायचा, हे मला पटत नाही. रंग राहतील. माझं साधन फाइल वाचेल, रंगाचं शब्दात रूपांतर करेल आणि तो शब्द एक्स्पोर्टमध्ये वेगळा रकाना म्हणून घालेल.

आत्ताची हातची पद्धत टिपून ठेवते. रंगावरून फिल्टर करायची सोय एक्सेल २००७ पासून आहे. नावाच्या रकान्यावर फिल्टर, त्यात पिवळा निवडायचा, दिसणाऱ्या ओळी कॉपी करून नव्या शीटमध्ये चिकटवायच्या. एका रकान्यात एका वेळी एकच रंग निवडता येतो. थोडा फिका पिवळा असेल तर तो यादीत वेगळा रंग म्हणून येतो आणि पहिल्या फिल्टरमध्ये सापडत नाही.

१३ फेब्रुवारी

एक्सेलच्या आतूनच होतंय का ते पाहिलं. साध्या सूत्रांत सेलचा रंग सांगणारं एकही फंक्शन नाही. एक जुनी वाट आहे : एक्सेल ४ च्या मॅक्रो भाषेतलं ‘गेट.सेल’. ते थेट सेलमध्ये लिहिता येत नाही, नाव व्याख्या करून त्यात ठेवावं लागतं. ६३ हा क्रमांक दिला की सेलच्या भरावाच्या, म्हणजे सेलच्या आत भरलेल्या रंगाचा नंबर मिळतो.

चाललं, पण सोडलं. तीन कारणं. एक, रंग बदलला म्हणून एक्सेल पुन्हा गणित करत नाही. एफ नाइन दाबेपर्यंत जुनाच नंबर दिसत राहतो, आणि पैशाच्या कामात शिळा आकडा नको. दोन, मिळणारा नंबर ५६ रंगांच्या जुन्या पॅलेटमधला आहे, त्यामुळे दोन जवळच्या छटा एकच नंबर सांगू शकतात. तीन, फाइल मॅक्रोवाल्या प्रकारात ठेवावी लागते आणि जानेवारी २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने ही जुनी मॅक्रो भाषा नव्या एक्सेलमध्ये मुळातच बंद ठेवली आहे.

पायथन ही भाषा आणि एक्सेल फाइल वाचणारी तिची ओपनपायएक्सएल ही लायब्ररी ठरली. पांडाज या दुसऱ्या लायब्ररीने फाइल वाचली तर फक्त किमती (सेलमध्ये साठवलेले आकडे आणि शब्द) हाती येतात, फॉरमॅट येतच नाही, म्हणून ते या टप्प्यावर नको.

१७ फेब्रुवारी

आज फाइल उघडून आतून पाहिली. हे प्रत्येकाने एकदा करावं. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची आताची फाइल, ही मुळात एक झिप फाइल. शेवटचं नाव बदलून झिप केलं की आत फोल्डर दिसतात : शीट एका एक्सएमएलमध्ये, स्टाईल दुसऱ्यात, थीम (वर्कबुकचा ठरलेला रंगसंच) तिसऱ्यात, मजकूर चौथ्यात.

सेलच्या जवळ रंग लिहिलेला नसतोच. सेलवर एक क्रमांक असतो, समजा १४. स्टाईलच्या फाइलमध्ये शून्यापासून मोजून १४ क्रमांकाची नोंद शोधायची. ती सांगते की फॉन्ट अमुक, भराव तमुक. मग भरावांच्या यादीत जायचं, तिथे नमुन्याचा प्रकार आणि रंग. इतक्या उड्या मारल्यावर पिवळा हाती येतो. ओपनपायएक्सएल या उड्या आपल्यासाठी मारतं, पण वाट माहीत असली की गडबड कुठे झाली ते लवकर कळतं.

इथली एक उलटी गोष्ट लिहून ठेवते. सेल पूर्ण रंगवला की आपल्याला वाटतं पार्श्वभूमीचा रंग बदलला. फाइलमध्ये मात्र ‘सॉलिड’ नमुन्याचा रंग अग्रभागाच्या, म्हणजे फोरग्राउंडच्या जागी लिहिलेला असतो. बॅकग्राउंडची जागा वाचली तर भलताच आकडा मिळतो.

रंग लिहायच्या पद्धतीही तीन आहेत आणि या शीटमध्ये तिन्ही सापडल्या. पहिली थेट : लाल २५५, हिरवा २५५, निळा ०, म्हणजे पिवळा. दुसरी थीमवरून : ‘थीमचा ७ क्रमांकाचा रंग, सुमारे ०.६ फिका करून’. तिसरी जुन्या पॅलेटमधला क्रमांक. ही बहुतेक जुन्या एक्सएलएस फाइलमधून आलेल्या ओळींवर आहे.

थीमवाली पद्धत धोक्याची आहे, आणि तो धोका पेढीवर प्रत्यक्ष दिसला. थीमचे क्रमांक शून्यापासून मोजतात, सात म्हणजे चौथा ‘अॅक्सेंट’, थीममधल्या सहा ठळक रंगांपैकी एक. २०१३ पासूनच्या ऑफिस थीममध्ये चौथा अॅक्सेंट सोनेरी आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिसची थीम बदलली आणि त्यात चौथा अॅक्सेंट निळा आहे. दिवाणजींच्या जुन्या मशीनवरच्या वर्कबुकमधून काही ओळी नव्या मशीनवर तयार केलेल्या वर्कबुकमध्ये चिकटवल्या, तर फिकट सोनेरी नावं फिकट निळी होतात. आकडा तोच, थीम दुसरी. मालकांच्या मुलाने मागे तसं केलं होतं आणि दिवाणजी दिवसभर म्हणत होते की ह्या ओळींना निळा मी लावलेला नाही. ते बरोबर होते.

१९ फेब्रुवारी

या प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा दिवस.

कालच्या संध्याकाळी छोटी स्क्रिप्ट लिहिली : शीटमधला प्रत्येक वेगळा रंग, तो किती ओळींवर आहे आणि नमुन्याला त्यातल्या चार ओळी. रंगाचा चौकोन छापून कागद केला आणि दिवाणजींसमोर ठेवला. त्यात पिवळे दोन निघाले, हिरवे तीन, शिवाय केशरी, लाल, निळा.

माझा बेत असा होता की जवळच्या छटा एकत्र करायच्या. रंगांमधलं अंतर मोजायची सूत्रं आहेत, दोन पिवळ्यांत फार फरक नाही, दोन्ही पिवळेच धरू. नशिबाने आधी विचारलं.

“तसं न्हाई ताई,” दिवाणजी म्हणाले. “हा भडक पिवळा म्हणजे पैसे द्यायचे. आणि हा फिका, हा पण द्यायचाच आहे, पण पासबुकाची झेरॉक्स आलेली नाही. खातं बघितल्याशिवाय ह्याला द्यायचं नाही.”

“आणि हे तीन हिरवे?”

“हिरवा तो हिरवा. पैसे गेले. हाताला जो लागला तो लावला.”

म्हणजे तीन हिरव्यांचा अर्थ एक आणि दोन पिवळ्यांचे अर्थ दोन. अंतर मोजणाऱ्या सूत्राने फिका पिवळा भडक पिवळ्यात ढकलला असता आणि न तपासलेल्या खात्यांवर पैसे गेले असते. हे कुठल्याही गणिताला कळणार नाही. ज्याने रंग लावला त्यालाच विचारायचं, दुसरी वाट नाही. जवळचा रंग धरायचा कोड काढून टाकला आणि नियम लिहिला : प्रत्येक रंग नेमका जुळला पाहिजे, आणि ज्याचा अर्थ माहीत नाही असा रंग दिसला तर साधनाने थांबायचं. अंदाज नाही.

बाकीचे अर्थ : केशरी म्हणजे खरेदीदाराकडून रक्कम आलेली नाही. लाल म्हणजे वजनाचा किंवा प्रतीचा वाद. निळा म्हणजे रक्कम पूर्णपणे उचलीत वळती झाली, शेतकऱ्याला द्यायचं काही नाही. रंग नसेल तर पट्टीच व्हायची आहे.

लाल ओळींपैकी एका समडोळीच्या शेतकऱ्याच्या मालाची कहाणी त्यांनी सांगितली. हळकुंडात गट्टा (हळदीचा गोल कंद) मिसळला की नाही यावर खरेदीदार आणि शेतकरी अडले होते. तेवढ्या एका लाल चौकोनामागे दोन फोन, एक फेरतोल आणि अर्धा तास होता. रंग लावण्याआधी माणूस किती काम करतो ते तेव्हा कळलं.

२१ फेब्रुवारी

पांढरा रंग. काही सेल ‘भराव नाही’ असे आहेत, काही पांढऱ्याने भरलेले. डोळ्याला जवळपास सारखेच. पांढऱ्या भरावाखाली शीटच्या फिक्या रेषा झाकल्या जातात इतकाच फरक. फाइलमध्ये पूर्ण वेगळे. दिवाणजी चुकीचा रंग पुसायला पांढरा लावतात. दोन्हींचा अर्थ ‘रंग नाही’.

२५ फेब्रुवारी

कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट पूर्ण झाली की सेलला आपोआप रंग देणारा नियम. इथे खरोखर घाम फुटला.

गेल्या हंगामात कुणीतरी या शीटवर एक नियम घालून ठेवलाय : सौद्याच्या तारखेला पंधरा दिवस उलटले आणि यूटीआर नंबरचा (पैसे पाठवल्यावर बँकेकडून मिळणारा व्यवहार क्रमांक) रकाना रिकामा असेल, तर नावाचा सेल लालसर दाखवायचा. हेतू चांगला, उशीर झालेली नावं डोळ्यांसमोर यावीत.

पण नियमाने आलेला रंग सेलच्या स्टाईलमध्ये नसतो. नियम शीटच्या फाइलमध्ये वेगळा लिहिलेला असतो, त्याचा रंग स्टाईलच्या फाइलमध्ये आणखी वेगळ्या यादीत असतो, आणि त्या यादीत सॉलिड रंग बॅकग्राउंडच्या जागी लिहितात, साध्या भरावाच्या बरोबर उलट. स्क्रीनवर लाल दिसणारा सेल ओपनपायएक्सएलला पिवळाच दिसतो, कारण दिवाणजींनी लावलेला पिवळा खाली तसाच आहे. एक्सेलमध्ये व्हीबीएने (एक्सेलची आताची मॅक्रो भाषा) विचारलं तरी ‘इंटीरियर’ खालचा रंग सांगतो. वरचा, दिसणारा रंग हवा असेल तर ‘डिस्प्ले फॉरमॅट’ लागतो. तो एक्सेल २०१० पासून आहे आणि सेलमधल्या सूत्रातून बोलावलेल्या फंक्शनमध्ये चालत नाही.

मग लक्षात आलं की हातच्या पद्धतीत काय होत होतं. रंगावरचा फिल्टर दिसणारा रंग धरतो. पंधरा दिवस उलटलेली पिवळी ओळ स्क्रीनवर लालसर होते, म्हणून पिवळ्याच्या फिल्टरमध्ये येत नाही. म्हणजे ज्याचे पैसे सगळ्यात जास्त दिवस थकलेत, नेमका तोच शेतकरी देय यादीतून गळतो. आणि दिवाणजींच्या हाताने लावलेला लाल म्हणजे वाद. नियमाचा लालसर त्याच्या इतका जवळ, की घाईत बघणारा ‘वाद असेल’ म्हणून पुढे जातो.

अशा ओळी काढून दाखवल्या. दिवाणजी बराच वेळ यादी वाचत बसले, मग त्यांनी आष्ट्याच्या एका शेतकऱ्याला स्वतः फोन लावला. “पाव्हणं, तुमचं पैसं आज सोडतोय. आमच्याकडनं राहिलं.” एवढंच बोलले आणि ती रक्कम त्याच दुपारी भरली. त्यानंतर बाकीच्या ओळी एकेक करून तपासून भरल्या.

ठरलं ते असं. हाताने लावलेला रंग हा निर्णय आहे. साधन फक्त तोच वाचेल. नियमाचा रंग हे गणित आहे, आणि ते गणित तारखेवरून साधन स्वतः करेल व एक्स्पोर्टमध्ये ‘थकलेले दिवस’ हा रकाना देईल. देय यादी त्या रकान्यानुसार उतरत्या क्रमाने लागेल, सगळ्यात जुना सगळ्यात वर. शीटमधला नियम नावाच्या सेलवरून काढून तारखेच्या सेलवर हलवला. आता एका सेलवर दोन रंग भांडत नाहीत.

२८ फेब्रुवारी

फॉन्ट. जुन्या शेतकऱ्यांची नावं मागच्या वर्षांच्या फाइलमधून चिकटवलेली आहेत आणि ती कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. स्क्रीनवर छान मराठी दिसतं. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त फॉन्टच्या चित्रांमुळे देवनागरी वाटतात. सीएसव्हीत फॉन्ट जात नाही, म्हणून बाहेर पडतो तो अक्षरांचा कचरा.

इथेही उत्तर फॉरमॅटमध्येच आहे. मजकूर बघून तो जुन्या फॉन्टचा आहे की खरंच इंग्रजी, हे ठरवणं अवघड. सेलच्या फॉन्टचं नाव वाचलं की शंका उरत नाही. नाव कृतिदेव असेल तर कृतिदेवचा तक्ता लावायचा, शिवाजी असेल तर शिवाजीचा, युनिकोड फॉन्ट असेल तर हात लावायचा नाही. तक्त्यात नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. ‘शिर्के’ आणि ‘किर्लोस्कर’ ही दोन आडनावं चाचणीला ठेवली. ती सरळ आली की बहुतेक सगळं सरळ येतं.

बँकेच्या फाइलला नाव पासबुकाप्रमाणे इंग्रजीत लागतं आणि तो रकाना वेगळा आहे, त्यामुळे पैशाला यातून धोका नव्हता. पण शेतकऱ्याच्या हातात जाणाऱ्या छापील पट्टीवर त्याचं नाव नीट असलंच पाहिजे. सीएसव्ही एक्सेलमध्ये पुन्हा उघडली तरी मराठी शाबूत राहावी म्हणून यूटीएफ-८ च्या सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोडची आहे हे एक्सेलला सांगणारी खूण) घातला.

४ मार्च

खाते क्रमांक. वाटलं त्याहून जास्त वेळ गेला.

काही खाते क्रमांक मजकूर म्हणून साठवलेत, काही संख्या म्हणून. संख्येत सुरुवातीची शून्यं राहत नाहीत. कुणीतरी त्यावर उपाय म्हणून सेलला अकरा शून्यांचा नंबर फॉरमॅट दिलाय, त्यामुळे स्क्रीनवर पुढची शून्यं दिसतात. किमतीत ती नाहीत. एक्सेलमधून सीएसव्ही केली तर दिसतं तसं बाहेर येतं, माझ्या स्क्रिप्टने किंमत वाचली तर शून्यं गायब. म्हणून सेलचा नंबर फॉरमॅटही वाचायचा आणि त्यात जितकी शून्यं आहेत तितक्या लांबीचा क्रमांक करायचा.

उलट बाजूही आहे. साध्या ‘जनरल’ फॉरमॅटमध्ये बारा किंवा जास्त अंकांची संख्या एक्सेल घातांकात दाखवतं, आणि सीएसव्हीत तीच घातांकातली जाते. तिथे किंमत वाचणंच बरोबर.

आणि एक दुरुस्त न होणारी गोष्ट : एक्सेल संख्येचे पंधराच अंक सांभाळतं. सोळा अंकी खातं संख्या म्हणून टाइप केलं की शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. नंतर कुठलाही फॉरमॅट तो परत आणू शकत नाही. संख्या म्हणून साठवलेलं आणि पंधरापेक्षा लांब असं प्रत्येक खातं साधन बाजूला काढतं. पासबुक पाहून ते मजकूर म्हणून पुन्हा भरायचं. आयएफएससीची तपासणीही घातली : अकरा अक्षरं आणि पाचव्या जागी शून्य. त्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झालेले कोड सापडलेच.

६ मार्च

मर्ज केलेले सेल. एका शेतकऱ्याचे तीन ढीग वेगवेगळ्या दरांनी गेले की दिवाणजी नावाचे तीन सेल एकत्र करतात. किंमत फक्त वरच्या सेलमध्ये राहते, बाकीचे रिकामे. साधन आता मर्जचा पट्टा शोधून वरचं नाव आणि वरचाच रंग खालच्या ओळींना देतं.

११ मार्च

खोडलेल्या ओळी. मधोमध रेघ मारलेलं नाव म्हणजे सौदा रद्द. फॉन्टचा ‘स्ट्राइक’ गुण वाचला की काम झालं, असं वाटत होतं. मग तुंगच्या एका ओळीत पोत्यांच्या रकान्यात ‘४० ३८’ असं वाचलं गेलं. फाइल उघडली तर चाळीसवर रेघ आहे आणि त्याच सेलमध्ये पुढे अडतीस. कागदावर जशी चूक छेदून शेजारी बरोबर आकडा लिहितात, तसंच इथे केलंय.

अर्ध्या मजकुरावरची रेघ सेलच्या स्टाईलमध्ये नसते, मजकुराच्याच तुकड्यांवर असते. ओपनपायएक्सएल साधेपणाने वाचताना हे तुकडे जोडून टाकतं. ३.१ आवृत्तीपासून ‘रिच टेक्स्ट’ चालू करून वाचता येतं आणि मग प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट वेगळा मिळतो. रेघ असलेला तुकडा टाकला, उरला अडतीस.

अशी दुरुस्ती मला सुंदर वाटते. जुना आकडा दिसतोय, नवाही दिसतोय, आणि काय बदललं ते कुणालाही विचारावं लागत नाही. म्हणून एक्स्पोर्टमध्ये ‘आधीचे’ असा रकाना घालून चाळीसही जपला.

१८ मार्च

समांतर चाचणी. दिवाणजींनी त्यांच्या पद्धतीने देय यादी काढली, मी साधनाने. निव्वळ रकमेची बेरीज जुळली नाही. एकेक ओळ लावत गेलो. फरक एका ओळीत होता : नावाचा सेल पिवळा, रकमेचा सेल हिरवा. म्हणजे पैसे गेले की नाही? दिवाणजींनी बँकेचं स्टेटमेंट काढलं. निम्मी रक्कम गेली होती, निम्मी बाकी.

नियम ठरला : नावाचा रंग चालेल, पण त्याच ओळीत दुसऱ्या सेलवर वेगळा रंग असेल तर ती ओळ बँकेच्या फाइलमध्ये जाणार नाही, ‘बघायच्या ओळी’ या वेगळ्या यादीत जाईल. दिवाणजी ती यादी चहाच्या वेळी संपवतात.

जुन्या एक्सएलएस फाइल ओपनपायएक्सएल उघडत नाही. लिब्रेऑफिसने एक्सएलएसएक्समध्ये बदलून घेतल्या, रंग टिकले.

२४ मार्च

रंगांचे अर्थ कोडमध्ये लिहून ठेवले होते. ते आता तिथून काढले.

वर्कबुकमध्येच ‘रंगखूण’ नावाचं शीट केलं. पहिल्या रकान्यात रंगवलेला सेल, दुसऱ्यात त्याचा अर्थ, तिसऱ्यात ‘बँकेला जाईल’ किंवा ‘जाणार नाही’. साधन आधी हे शीट वाचतं, तिथले रंग शिकतं आणि मग सौद्यांच्या शीटकडे वळतं. तीन हिरवे तीन ओळींत, तिन्हींपुढे ‘पैसे गेले’. नवा रंग हवा असेल तर दिवाणजींनी तिथे एक सेल रंगवायचा आणि शेजारी अर्थ लिहायचा. मला फोन करायची गरज नाही.

यातून थीमचा प्रश्नही आपोआप सुटतो. खूण आणि ओळी एकाच वर्कबुकमध्ये असल्याने थीम बदलली तर दोन्ही एकत्र बदलतात आणि जुळतच राहतात. वेगळ्या वर्कबुकमधून ओळी चिकटवल्या असतील तरच धोका, म्हणून खूण आणि ओळी दोन्हींचे थीममधले रंग खऱ्या रंगात उतरवून पुन्हा एकदा ताडून बघते. ते करताना थीमच्या फाइलमधला क्रम आणि क्रमांक यांत पहिल्या चार रंगांची अदलाबदल आहे हे लक्षात ठेवावं लागतं : फाइलमध्ये गडद आधी, फिका नंतर, क्रमांकात फिका शून्य आणि गडद एक.

२८ मार्च

पाडवा ३० तारखेला, वर्षअखेर ३१ ला. मालकांना दोन्हीच्या आत देणी मोकळी करायची होती. दुपारी साधनाने फाइल काढली, दिवाणजींनी बेरीज हातच्या कॅल्क्युलेटरवर ताडली, मालकांनी पोर्टलवर मंजूर केली. दोन ओळी बँकेने परत पाठवल्या, दोन्ही बंद झालेल्या खात्यांच्या.

फाइल चढल्यावर त्या ओळी आपोआप हिरव्या करून द्याव्यात का, असं मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. यूटीआर नंबर आल्यावर हिरवा दिवाणजीच लावतील. फाइल चढवणं वेगळं आणि पैसे पोचणं वेगळं. हिरव्याचा अर्थ ‘पोचले’ असा आहे आणि तो पाहिल्याशिवाय लागू नये. साधन शीट फक्त वाचतं, त्यात लिहीत नाही, हे कायम ठेवते.

३ एप्रिल

साधन थांबलं. ‘अर्थ नसलेला रंग : जांभळा, ओळी पाच.’ दिवाणजींनी नवा रंग सुरू केला होता. शेतकऱ्याने सौदा मोडून माल शीतगृहात ठेवला, दर चढेल म्हणून वाट बघतोय, असा त्याचा अर्थ. त्यांनी ‘रंगखूण’ शीटमध्ये स्वतः सेल रंगवला, शेजारी ‘माल ठेवला, पट्टी नाही’ लिहिलं, ‘जाणार नाही’ निवडलं आणि पुन्हा चालवलं. मी शेजारी उभी होते, कीबोर्डला हात लावला नाही.

९ एप्रिल

तासगावच्या बेदाण्याच्या एका पेढीकडून विचारणा आली आहे. त्यांच्या शीटचा नमुना पाहिला. तिथे सेल रंगवत नाहीत, अक्षरांचा रंग बदलतात : लाल अक्षर, निळं अक्षर, हिरवं अक्षर. वजनाच्या रकान्यात ‘बॉक्स’ आणि ‘किलो’ हे शब्द नंबर फॉरमॅटमध्ये घातलेत, म्हणजे दोन सेलमध्ये ६० ही एकच किंमत आहे, एक साठ बॉक्स आणि दुसरी साठ किलो. एक्स्पोर्टमध्ये एकक वेगळ्या रकान्यात काढावं लागेल.

पुढची कामं : भरावासोबत अक्षराचा रंगही ‘रंगखूण’ शीटवरून वाचणं, नंबर फॉरमॅटमधून एकक काढणं, दोन्ही रंग असलेल्या ओळींचं काय करायचं ते ठरवणं. शेवटचं मी ठरवणार नाही. रंगांचा कागद छापलाय, सोमवारी तासगावला त्यांच्या दिवाणजींसमोर ठेवते.